म्बाहच्या घरचं कार्य

२२ ऑगस्ट १९८७, शनिवार लेगी

पोचलो एकदाचा! (वारापुढे आमचा जावानी पाच दिवसांचा बाजारवारही लिहितोय, घरची सवय.) दुधाच्या गाडीत, रिकाम्या कॅनांच्या मधोमध बसून आलो, त्यामुळे अंगाला ताकाचा वास येतोय; पण मन कसं हलकं आहे. ज्वालामुखीवर नजर ठेवायची ही चौकी माझ्या कल्पनेपेक्षा छान निघाली. पांढरं बैठं घर, मागे कोबीचे दोन वाफे, गच्चीवर दुर्बीण, आणि खिडकीतून थेट म्बाह. डोंगराचं नाव करुंगान, पण ते फक्त नकाशावर. इथे सगळे म्बाहच म्हणतात, म्हणजे आजोबा. आज आजोबांनी डोक्यावर ढगाची टोपी घातली होती आणि टोपीखालून विडीसारखा थोडा धूर सोडत होते.

पाक गितो, म्हणजे गितोकाका, हे इथले जुने निरीक्षक. चौकीतच त्यांचे केस पिकले. दारातच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, कचेरीने नकाशे काढणारा पाठवतो म्हणून सांगितलं होतं, हा तर लग्नातला नवरदेव दिसतोय. बुटांना पॉलिश कशाला केलंस, राखेला दाखवायला? मी हसलो. वेनिंगने केलं होतं ते, माझ्या नकळत.

वेनिंगला मी परवाच मागेलांगला तिच्या आईकडे सोडून आलो. सहावा सरत आला. बाळंतपण होईपर्यंत ती आता तिथेच. पाच सप्टेंबरला सातव्या महिन्याचा विधी आहे, आणि नारळ फोडायला नवरा लागतो. तेवढ्या दिवसापुरतं खाली सोडायचं पाक गितोंनी कबूल केलंय. नाही आलास तर सासू तुलाच फोडेल, असंही वर म्हणाले.

२४ ऑगस्ट, सोमवार पोन

काम आवडलं. म्बाहच्या खांद्यावर सिमेंटच्या खांबात आरसे बसवलेत. सकाळी हवा स्वच्छ असताना यंत्रातून उजेडाची रेघ सोडायची, ती आरशावर आपटून परत येते आणि अंतर कळतं. डोंगराच्या पोटात काही भरू लागलं की त्याचं अंग फुगतं आणि अंतर बोटभर कमी होतं. बोटभर म्हणजे पुष्कळ झालं. जुना नकाशा वीस वर्षांपूर्वीचा आहे. त्यातल्या दोन घळी बुजल्यात, एक नवीन झालीय. मी पायी हिंडून नवा नकाशा काढतोय. चौकीपासून खालच्या गावापर्यंतचा रस्ता आज पुरा केला. डोळे मिटून चालत जाईन इतका तो आता पाठ झालाय.

दुपारी माझ्या तोंडून निघून गेलं, की हा फुटणार कधी? पाक गितोंनी चहाचा पेला खाली ठेवला. म्हणाले, तुझे आजोबा वारले तेव्हा ते फुटले असं म्हणालास का? इथे म्हणायचं, म्बाहकडे कार्य आहे. वर त्यांचा वाडा आहे, चाकरमाणसं आहेत, लेकीसुना आहेत. त्यांच्याकडे कार्य निघालं की राबायला माणसं लागतात. मी म्हटलं, आणि ती कुठून आणतात? ते म्हणाले, तू कोबीला पाणी घाल.

२७ ऑगस्ट, गुरुवार लेगी

पाक गितोंची दाढ काल अशी ठणकली की त्यांना दुधाच्या गाडीतून खाली जावं लागलं. गाल एवढा सुजलेला, पण जाता जाता टोमणा मारायचा सोडला नाही: माझ्यामागे म्बाहला हलवू नकोस. चौकीत आता मी एकटा.

आज सकाळी दार उघडतो तर पायरीवर बांबूची टोपली! केळीच्या पानाखाली वाफाळता भात, नारळाच्या दुधातली कोंबडी, तळलेले शेंगदाणे, आणि गुळाच्या चिकट भाताच्या वड्या, म्हणजे वाजिक. खाली कुणाकडे तरी लग्न असणार. आमच्याकडे लग्नपत्रिका कोण छापतं! टोपली पाठवायची. ज्याने खाल्लं त्याने आमंत्रण घेतलं. मग त्याने लग्नघरी जाऊन राबायचं. पुरुषांनी मोठ्या कढईत गूळ ढवळायचा, बायकांनी कांदे सोलायचे. यायचं नसेल तर टोपली झाकलेली तशीच परत धाडायची. आणणारा कुठे दिसला नाही. नव्या साहेबाला विसरले नाहीत, याचं बरं वाटलं.

आणि कोंबडी! एवढी चांगली कोंबडी मी माझ्या लग्नातही खाल्ली नाही. पान बोटांनी पुसून खाल्लं. वाजिक मात्र वेनिंगसाठी फडक्यात बांधून लिक दार्सोकडे (लिक म्हणजे धाकटा काका) दिलं. हा दुधाच्या गाडीचा मालक, गाडी तिच्या आईच्या दारावरूनच जाते. तिला सध्या गोडाचे डोहाळे लागलेत.

२९ ऑगस्ट, शनिवार पोन

लिक दार्सो सकाळी निरोप घेऊन आला. वेनिंगने सगळ्या वड्या एकटीने संपवल्या. म्हणते, असं वाजिक जन्मात खाल्लं नव्हतं, अजून मिळेल का?

मी खुशीत विचारलं, की लिक, लग्न आहे तरी कुणाकडे? मदतीला कधी यायचं? तो आधी हसला. मला धाकटा भाऊ मानून म्हणाला, दिक सेनो, शहरात राहून महिनेही विसरलात की काय? बुधवारी सुरा लागला. सुरा महिन्यात कुणी कुत्र्याचंही लग्न लावत नाही.

मग त्याचं हसू ओसरलं. त्याने विचारलं, टोपली आली का? मी हो म्हटलं. खाल्लंत? मी हो म्हटलं. फडक्यात तेच होतं? मी मान हलवली. मला आठवायला हवं होतं. कोणत्याही जावानी पोराला झोपेतही ठाऊक असतं, की सुरा महिन्यात माणसांची लग्नकार्यं बंद असतात, सातव्या महिन्यासारखे न थांबणारे विधी सोडून. कारण तो महिना त्यांचा, वरच्या वाड्यातल्यांचा. कोंबडीच्या वासापुढे मी महिना विसरलो.

लिक दार्सो गाडीत चढला. माझी समजूत काढल्यासारखं म्हणाला, त्यांचाही नियम आपल्यासारखाच आहे. एका चुलीमागे एक माणूस. सगळ्या घराला नाही बोलवत. मी म्हटलं, मग मी तुमच्याबरोबर आत्ताच खाली येतो. त्याने माझ्याकडे न बघता गाडी सुरू केली. म्हणाला, दिक, मला पाच पोरं आहेत. मी धावत मागे गेलो, पण उतारावर गाडी कुणाला सापडते!

३० ऑगस्ट, रविवार वागे

अंधश्रद्धेला भीक घालायची नाही असं ठरवून सकाळी मोजणी केली. आरसा कालच्यापेक्षा हातभर जवळ आलाय. बोटभर नाही, हातभर. यंत्र पुसलं, पुन्हा मोजलं. तेवढ्यात आणखी थोडा आला.

रेडिओवरून कचेरीला कळवलं. साहेब म्हणाले, असं होत नसतं, यंत्र बिघडलंय. आणि डोकं जड वाटत असेल तर वायू साचला असेल, खिडक्या उघड आणि खाली निघून ये. एवढंच ऐकायचं होतं मला. पिशवी उचलली नि निघालो.

धुकं होतं, पण रस्ता मीच मोजलेला. खिंडीतला वाकडा पाइन आला, दगडी मोरी आली, तिसरं वळण आलं. पुढे गावचा बांध यायला हवा होता. आली ती कोबीची रांग. मी चौकीच्या मागच्या अंगाला उभा होतो. उतरत गेलो आणि वरच्या बाजूने घरी आलो.

दुपारी पुन्हा गेलो. पुन्हा कोबी.

३१ ऑगस्ट, सोमवार क्लिवोन

आज चारदा. मोरीतून ओढ्यात उतरून पाण्याबरोबर चालत गेलो. पाणी तर खालीच जातं ना! तेही मला कोबीपाशी घेऊन आलं आणि वाफ्यात जिरलं.

दुधाच्या गाडीचा हॉर्न ऐकू येतो. वळणापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. मी ओरडतो. लिक दार्सो कुणाला तरी म्हणतो, की इथे चौकी होती ना रे? त्याचा आवाज अगदी जवळून येतो. आवाजाकडे पळतो तर पुढे कोबी.

कंपनाची सुई आज एकसारखी ठोके काढतेय. भूकंपाची रेघ अशी नसते, हे मला कळतं. कान देऊन ऐकलं तर वरून आवाजही येतोय. मुसळाचा. बऱ्याच जणी मिळून तांदूळ कांडतायत.

१ सप्टेंबर, मंगळवार लेगी

कचेरीचा आवाज आज तुटक येत होता. साहेब विचारत होते, तू अजून खाली का आला नाहीस? तुझी बायको इथे येऊन बसलीय. तिला रोज दुपारी डोळा लागला की कुणीतरी बोलावतं. म्हणे, कांदे सोलायचे राहिलेत, चल. हाताला कांद्याचा वास येतोय म्हणून तिने मला हात हुंगायला लावले. आणि खरंच येतोय रे, सेनो.

मी ओरडलो, तिला बांधून ठेवा! वर येऊ देऊ नका! त्यांना ऐकू गेलं की नाही, देव जाणे. ते एवढंच म्हणाले, की ती गुरुवारी दुधाच्या गाडीने तुझ्याकडे येणार म्हणतेय, आम्ही तरी किती अडवणार?

त्यानंतर रेडिओवर फक्त गामेलानची पितळी वाद्यं. लग्नातली धून.

 ती येईल. मला उतरू न देणारा रस्ता तिला वर येऊ देईल, अगदी पायघड्या घालून.

२ सप्टेंबर, बुधवार पाहिंग

आरसा आता दुर्बिणीशिवाय दिसतो. खिडकीतून. कोबीच्या पलीकडे खांब, त्यामागे खडक, खडकातून वाफ. म्बाह अंगणात येऊन बसलाय.

विचार केला. रडलो, आणि परत विचार केला. खाल्ल्या मिठाला जागायचं तर मीच जागेन. एका चुलीमागे एक माणूस. मी गेलो की आमच्या चुलीचं फिटलं. मग तिला कुणी बोलावणार नाही. नारळ तिचा भाऊ फोडेल. मुलगा झाला तर—

नको.

लग्नातला बातिकचा शर्ट घातला. तिने घडी करून दिला होता, उगाचच, चौकीत कशाला लागतो म्हणून मी हसलो होतो. बुटांना पॉलिश केलं.

उद्या उजाडलं की जातो. ती निघायच्या आधी.

३ सप्टेंबर, गुरुवार पोन

वर जायला धुकं नव्हतं. वाट नकाशात नाही. झाडून ठेवलेली होती.

वाडा आहे. खरंच आहे. मांडव, तोरणं, माणसंच माणसं. कुणी नीट वळून बघत नाही, हातातलं काम सोडत नाही. मला कढईपाशी उभं केलं. तळ्याएवढी कढई. लाल, रटरटतंय. गूळ नाही तो. मी ढवळतो. भाजत नाही. एका हाताने ढवळतो, एका हाताने लिहितो, कुणी काही म्हणत नाही—

माझ्या शेजारी एकजण आहे. जुन्या काळचा चौकीचा गणवेश. किती वर्षं झाली विचारलं. म्हणाला, कार्य संपलं की सांगतो.

मुदपाकाची म्हातारी आली. मी हात जोडले. म्हटलं, आजी, मी आलोय, आता माझ्या बायकोला नको ना? ती हसली. गोड हसली. म्हणाली, पोरा, नियम म्हणजे नियम. एका चुलीमागे एकच. तुझ्या चुलीचं फिटलं.

फिटलं! मी तिचे पाय धरले. वेनिंग, फिटलं गं—

मग म्हातारी म्हणाली, आता मागेलांगच्या चुलीचं कोण येतंय?

मी म्हटलं, आमची चूल एकच आहे. ती म्हणाली, बायको सध्या कुणाच्या चुलीवरचं जेवते?

आईच्या. तिच्या आईच्या. मीच नेऊन सोडली—

तिच्याऐवजी सासूबाई— नाही, वड्या एकटीनेच— लिक दार्सो म्हणाला होता, सगळ्या एकटीनेच—

हॉर्न. खाली. थांबला नाही. वळण ओलांडलं गाडीने—

मुसळं थांबली. कांदे सोलणाऱ्या बायका सरकून जागा करतायत. पाट मांडला. म्हातारी म्हणते, एक नाही, दोन मांडा, दोघांनी खाल्लंय, पोटातल्याची चूल वेगळी. एक नेहमीचा. आणि त्याला लागून एक अगदी इवला—