दुर्गाच्या लग्नाचा बार

गोंदिया

प्रिय ओमेश,

तुझ्या लेकीच्या, दुर्गाच्या लग्नातल्या बारचं काम तू मला दिलंस, बरं वाटलं. नागझिऱ्याजवळचा तो रिसॉर्ट ओळखीचा आहे. एका दिवसाचा परवाना मीच काढीन. तू म्हणतोस, सगळं भरपूर ठेव. पण ऐक, बिअर आणि दोन प्रकारची व्हिस्की पुरे. खोकी एकदम फोडायची नाहीत, सीलबंद बाटल्या परत घ्यायचं दुकानदाराकडून आधीच कबूल करून घेऊ. टेबलावर बाटली द्यायची नाही. काउंटरवरून मापानंच ओतायचं. पिण्यापेक्षा अर्धवट सोडलेले ग्लासच जास्त खर्च करवतात. आणि जेवण लागलं की काउंटर बंद.

हे सगळं तोंडपाठ आहे, पण आताशा मन लागत नाही रे. पहिल्या पेगला 'तिलकभाऊ' म्हणणारा चौथ्याला ओळख देत नाही. घरी गेलो की तुझी रवितावहिनी म्हणते, "लोकायची नशा कवापर्यंत सांभाळून राहाल?" पाय सुजलेले असतात, मी गरम पाण्यात घालून बसतो.

गेल्या उन्हाळ्यात दवनीवाड्याला एका साखरपुड्यात काउंटर लावला होता. एका तरुणाला फार झाली, म्हणून मी ग्लास नाकारला. "काऊन देत नाही बे? तुह्या बापाची हाये का?" म्हणत तो अंगावर आला. त्याची बहीण त्याला घरी न्यायला आली, तर त्यानं सगळ्यांदेखत तिचे केस धरून तिला खाली पाडलं. घरचा मामला म्हणून माणसं बघत राहिली. मी आणि वेटरनं त्याला आवरलं. ती उठली, कपाळावरचं रक्त ओढणीनं पुसलं आणि मला हात जोडून म्हणाली, "भाऊ, कोणाले सांगू नका. त्याचं लगन जमून राहिलं."

परवा तू होणाऱ्या जावयाचा फोटो पाठवलास. चूक नको म्हणून मी दवनीवाड्याला जाऊन विचारून आलो. तो तोच आहे, लीलाधर. फोनवर तू मला पुरतं बोलू दिलं नसतंस, म्हणून लिहितोय. रागावशील, काम काढून घेशील; घे. पण हे दुर्गाला वाचून दाखव. पुढचं तिला ठरवू दे. तिला माझ्या तोंडून ऐकायचं असेल, तर सांग, मिळेल त्या गाडीनं नागपूरला तुमच्या घरी येतो.

तू काहीही ठरवलंस तरी तुझाच,
तिलक