जुडी क्रमांक सात आणि फुलीबाईचे घर

मी, रोहिणी उमाकांत पाटील, वय ६९, बी.एस्सी. (रसायनशास्त्र, १९७७), माती परीक्षण प्रयोगशाळेतून सेवानिवृत्त, राहणार रनाळे, तालुका व जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या विचाराने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. तरीही ज्याला शंका असेल त्याने मी जिवंत आहे तोवर येऊन माझ्याशी पत्त्यांचा एक डाव खेळावा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. रनाळे येथील राहते घर मी माझ्या पगारातून बांधले. ते वडिलोपार्जित नाही. माझ्या पश्चात हे घर, मागचे अंगण आणि बोअरसह, फुलीबाई खात्या पावरा हिला पूर्ण मालकी हक्काने मिळावे. ती एकोणीस वर्षे माझ्याकडे राहते व काम करते. तिला हे घर विकता येईल, भाड्याने देता येईल. पण तिने विकू नये अशी माझी विनंती आहे, कारण धडगावकडच्या तिच्या गावी ती आता परत जाऊ शकत नाही. का, ते कलम ४ मध्ये आहे.

कलम २. माझे पती कै. उमाकांत यांच्या वाट्याची शेती मी पुतण्या ललित याच्या नावे केव्हाच होऊ दिली आहे. आणखी काही त्याला मिळणार नाही. मात्र ज्या निळ्या कपातून तो एकोणीस वर्षे फुलीबाईच्या हातचा चहा प्यायला, तो कप बशीसह त्याला द्यावा.

बँकेतील ठेव माझी भाची रुचिका हिला. ती वकील आहे व या मृत्युपत्राची व्यवस्थापक राहील.

कलम ३. माझे पत्ते. सहा वर्षांपूर्वी रुचिका सुटीत आली आणि 'नवखंड' या खेळाचा खोका इथे विसरून गेली. हे पत्ते पाकिटातून विकत मिळतात. हजारो निरनिराळे आहेत. त्यांतून आपले चाळीस निवडायचे, त्याला मी जुडी म्हणते. स्पर्धा खेळणारी मुले सगळ्यात जोरकस तेच ते पत्ते भरतात आणि सगळ्यांच्या जुड्या सारख्या होतात. मला त्यात रस वाटला नाही. माझा नियम असा: एक पत्ता एकदाच, आणि जुडीमागे एकच कल्पना. एका जुडीत फक्त पाखरे आहेत. एकीत एकही हत्यार नाही. एक स्वतःचेच पत्ते टाकत जाते आणि अगदी हरायला आल्यावर उठते. जिंकण्यापेक्षा असे केले तर काय होते हे पाहायचे. प्रयोगशाळेत बत्तीस वर्षे मी दुसरे काय केले?

अशा चौदा जुड्या मातीच्या नमुन्यांच्या कापडी पिशव्यांत ठेवल्या आहेत. प्रत्येकीत चिठ्ठी आहे: क्रमांक, कल्पना, उणीव. क्रमांक सात सोडून सर्व रुचिकाला. तिने त्या सुधारू नयेत. उणिवा मी जाणून ठेवल्या आहेत.

कलम ४. जुडी क्रमांक सात. हे कलम पोलीस व न्यायालय यांनीही वाचावे.

फुलीबाईला अक्षर येत नाही, आकडे येतात. तिच्यासाठी मी असे पत्ते निवडले की चित्र पाहून पत्ता काय करतो ते कळावे. असे सर्वांत जास्त पत्ते मसणवटीच्या गटात निघाले: घुबड, कोल्हा, कवटी, मोकळ्या केसांची म्हातारी. त्यांचा गुण असा की टाकलेल्या ढिगातून ते पुन्हा डावात येतात. फुलीबाई हसून म्हणाली, "मरेल परत येतस? हाई खेळ चांगला शे, बाई." चिठ्ठीवर मी लिहिले, 'कल्पना: गेलेले परत येतात. उणीव: फार हळू.' आठवड्याभरात ती मला हरवू लागली आणि दर वेळी तेच म्हणायची, "तुन्हं कालेज वाया गयं!"

या वर्षी होळीला ती ही जुडी गावी घेऊन गेली. घरच्यांना दाखवायला. नेऊ का, असे तिने मला विचारले होते आणि मी हो म्हटले. सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीवर चिठ्ठी लावल्याशिवाय मी कधी ती खोलीबाहेर जाऊ दिली नाही. इथे मात्र चिठ्ठी वाचणारे तिकडे कोणी नाही, हे माझ्या लक्षात आले नाही. चूक माझी आहे, तिची नाही.

तिने अंगणात घुबडे-कवट्या तीन ओळींत मांडल्या आणि चुलत दिराशी डाव खेळली. दीर हरला, हसत उठला, तिला ताडी पाजली. नवव्या दिवशी त्याला अर्धांगाचा झटका आला आणि तो गेला. फुलीबाई डाकीण आहे, पत्ते मांडून तिनेच त्याला खाल्ले, असे तिथले लोक म्हणू लागले. कोणीतरी मोबाइलवर डावाचे चित्रण केले होते. तिकडची माणसे दुःखात होती, हळूहळू गप्प झाली असती. ते चित्रण इथे दूध डेअरीवर माणसे जमवून दाखवले आणि तिकडे पुन्हा पुन्हा पाठवले ते ललितने. त्याला डाकीणबिकीण काही वाटत नाही. त्याला हे घर हवे आहे.

जून महिन्यात तो ओसरीत बसून म्हणाला, "काकू, ती बाईले काढी टाक. तिन्हा गावना लोके तिले काय म्हनतस, तुले माहीत शे का?"

"काय म्हणतात?"

"मी तोंडमा बी नही लेत ते नाव."

"मग मोबाइलमध्येही ठेवू नकोस. चहा घेतोस?"

"तिन्हा हातना? नही, नको माले."

त्यानंतर श्रावणात दोरीवर वाळत घातलेल्या फुलीबाईच्या लुगड्याचा पदर कापून नेलेला आढळला. पंधरा दिवसांनी तोच तुकडा उंबऱ्यावर आला, लिंबू, हळद आणि केसांसह. नंतर असे आणखी दोनदा झाले. फुलीबाईने तिन्ही वेळा झाडून काढले. मी पोलिसांत जादूटोणाविरोधी कायद्याखाली अर्ज दिला. पोच सोबत आहे.

दिवाळीनंतर दुपारी दोन अनोळखी माणसे मोटारसायकलवरून फाटकाशी आली. पाणी घेतले नाही. फुलीबाईविषयी काहीच विचारले नाही. एकाने फक्त माझी तब्येत कशी आहे हे विचारले आणि माझे उत्तर नीट ऐकून ते गेले.

त्या दिवशी मला समजले की ते कशाची वाट पाहत आहेत.

जुडी सात कोणीही जाळू नये. जाळली तर आरोप मान्य केल्यासारखे होईल. ती चिठ्ठीसह रुचिकाने आपल्या ताब्यात ठेवावी आणि लागेल तिथे पुरावा म्हणून मांडावी. हा छापील खेळ आहे, पाकीट दुकानात मिळते, जुडी मी बांधली.

कलम ५. माझ्या हृदयाची झडप निकामी झाली आहे. ऑगस्टमध्ये सुरतच्या डॉक्टरांनी सांगितले की वर्षअखेर गाठली तर पुष्कळ. शस्त्रक्रिया झेपणार नाही. हे दुखणे सात वर्षांचे आहे, म्हणजे 'नवखंड'चा खोका या घरात येण्याच्या आधीचे. सर्व तपासण्या तारखेप्रमाणे लावून जोडल्या आहेत. मी कोणत्याही वेळी, कशाही प्रकारे गेले तरी माझ्या देहाचे शवविच्छेदन व्हावे आणि अहवालाची प्रत रनाळे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. मृत देहाची चिरफाड नको असे नातेवाईक म्हणतील. त्यांचे ऐकू नये.

फुलीबाईने मला खाल्ले असे जो म्हणेल त्याच्यावर रुचिकाने त्याच दिवशी तक्रार नोंदवावी. तो घरचा असला तरी.

कलम ६. मी या घरात मरणार नाही. येत्या सोमवारी, १७ तारखेला, नंदुरबारहून सकाळच्या गाडीने मी सुरतेला जाऊन दवाखान्यात दाखल होत आहे आणि परत येणार नाही. रुचिका सोबत असेल. त्याच दिवसापासून फुलीबाईने शेजारी आशाताईंच्या घरी राहावे, तिथेच जेवावे, तिथेच झोपावे. मी गेले ती वेळ कोणतीही असो, त्या वेळी ती माझ्यापासून दीडशे किलोमीटर दूर, चारचौघांसमोर होती, असे शपथेवर सांगता आले पाहिजे. तिने स्टेशनवर येऊ नये. दवाखान्यात येऊ नये. अंत्यविधीलाही येऊ नये.

हे कलम काल तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "बाई, मंग मी तुन्हा तोंडमा पानी बी नही टाकू?"

मी नाही म्हणाले. तिने विचारले होते, याची नोंद राहावी म्हणून इथे लिहिले आहे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, बरोबर आहे म्हणून साक्षीदारांसमक्ष सही करते. फुलीबाईला या मृत्युपत्राने घर मिळत असल्याने तिला साक्षीदार घेतलेले नाही.

रोहिणी उमाकांत पाटील (सही)

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या:
१. आशा भिला पाटील, अंगणवाडी सेविका, रनाळे (सही)
२. सुरुपसिंग वळवी, निवृत्त शिक्षक, नंदुरबार (सही)

स्थळ: रनाळे
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५, बुधवार, सकाळी अकरा वाजता