दोन किलो साखर आणि हसन सब्बाह

प्रिय अर्सलान,

तुझ्या बाबांनी मला वीट आणलाय, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना हात मोकळा राहील. पासष्टी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी रोज सकाळी काठी घेऊन पर्यटकांना अलमूतचा किल्ला दाखवायला हजर. पर्यटक विचारतात, "काका, हसन सब्बाहची ती स्वर्गाची बाग कुठंय? पोरांना नशा देऊन ठेवायचा ती?" की यांचं डोकं फिरलंच. "बाग नाही न् बिग नाही. नऊशे वर्षांपूर्वी या किल्ल्याचा धनी होता तो, पस्तीस वर्षं या खडकावर पुस्तकं वाचत बसला. दोनदा गच्चीवर गेला, तेवढीच त्याची चैन." लोकांचे चेहरे पडतात. मग सगळे शेजारच्या कोकबच्या नवऱ्यामागे जातात, कारण तो आमच्याच चेरीच्या बागेकडे बोट दाखवून हाच तो स्वर्ग म्हणतो. स्वर्ग बघायला आलेली माणसं कुंपण ओलांडतात, फांद्या मोडतात, आणि ओरडायला मी एकटी.

उरलेल्या दोघाचौघांना बाबा आपली लाडकी गोष्ट ऐकवतात. हसनच्या मुलानं दारू प्यायली, तर हसननं त्याला ठार करवलं. "कायदा म्हणजे कायदा. पोटच्या पोरालाही सूट नाही." तुला घराबाहेर काढलं तेव्हापासून हे वाक्य दुप्पट जोरात येतं. दुसऱ्या मुलाची गोष्ट मात्र गाळतात. त्याला खुनाच्या आरोपावरून मारवलं, आणि आरोप पुढे खोटा निघाला म्हणतात.

हसनच्या बायकोला तर गोष्टीत जागाच नाही. तिला आणि मुलींना दूरच्या किल्ल्यावर सूत कातायला धाडलं, परत बोलावलं नाही. ती काय म्हणाली ते कोणी लिहून ठेवलं नाही. मला वाटतं, तिला बरंच ठाऊक असणार आणि तिनं तोंड उघडलं नसणार. तिच्यावर राग काढायचा मला काही अधिकार नाही.

ती बरणी माझी होती, अर्सलान. तुला ठाऊक होतंच. आंबट चेरीच्या सरबताचा पाक. चेरी जेवढी, साखर तेवढी. त्या वर्षी मी हात आखडला आणि दोन किलो कमी घातली. गारवा म्हणून बरणी तुझ्या खोलीत ठेवली, ती आंबून फसफसली. बाबांनी दार उघडलं, वास आला, फडकं उचललं. "माझ्या छपराखाली दारू गाळतोस?" तू एवढंच म्हणालास, "बरणी माझी नाही." "वर खोटंही बोलतोस! नीघ माझ्या घरातून!" तू माझ्याकडे पाहिलंस. मी चहा ओतत राहिले. त्यांच्या जिभेची मला भीती वाटली. म्हटलं, संध्याकाळी पारा उतरला की सांगू. तू दुपारच्याच गाडीनं रश्तला गेलास. माझं नाव घेतलं नाहीस, आणि तीन वर्षांत एक फोनही केला नाहीस. बापाचा हट्ट तुझ्यात पुरेपूर उतरलाय, त्याचाही मला वैताग येतो.

परवा कपाटातल्या गेल्या वर्षीच्या बरणीचं झाकण उडालं. जित्याची खोड, साखर पुन्हा कमी घातली होती मी. पाक छतापर्यंत. बाबा धावत आले, वास घेतला आणि जागच्या जागी थांबले. मग मी सगळं सांगितलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

काल किल्ल्यावर ते मुलाच्या गोष्टीपाशी अडले, असं कोकब सांगत होती. कायद्याचं वाक्य आलंच नाही. "त्याच्या आईला विचारायला हवं होतं," एवढं म्हणाले आणि उतरून आले. घरी आल्यावर मला म्हणाले, "त्याला लिही, वरच्या झाडांची चेरी पिकलीय. माझा गुडघा शिडी चढत नाही."

याहून जास्त त्यांच्याकडून मिळायचं नाही, सुंभ जळला तरी पीळ आहेच. पण माझ्याकडून घे: चूक माझी होती, आणि गप्प बसणं त्याहून मोठी चूक होती. हे सांगायलाच पत्र लिहिलं. ये. शिडी मी धरते. आणि येताना साखर आण, भरपूर.

तुझीच, चहा ओतत राहिलेली,
आई