लिफ्टचं तेल

३ नोव्हेंबर, सोमवार

ट्रॅक्टरची लिफ्ट आज पुन्हा अर्ध्यावर अडकली. कल्टिव्हेटर वीतभर उचललं आणि नुसतं थरथरत राहिलं. तेल बघितलं — ताकासारखं पांढरट! पाणी शिरलंय. बदलायलाच हवं, हरभऱ्याची पेरणी तोंडावर आहे.

नानांना म्हटलं, उद्या बदलते. सासरे असले तरी गेल्या चार वर्षांत माझ्या कामाला कधी नाही म्हणाले नाहीत. आज म्हणाले, “तू ऱ्हाऊ दे. दिपमाला करी.”

दिपमाला! माझी धाकटी जाऊ. घरात येऊन सात महिनेही झाले नाहीत!

४ नोव्हेंबर

आयटीआय केलंय म्हणे तिने, डिझेल मेकॅनिकचं. चोपड्याला. केलं असेल. माझी शाळा या ट्रॅक्टरखालीच झाली. गोणपाटावर हे आडवे आणि शेजारी मी, पाने हातात देत. हे गेल्यावर स्टिअरिंग मीच धरलं. बायका हसल्या तरी धरलं.

आणि आता सर्टिफिकेट!

६ नोव्हेंबर

ओढणी कमरेला बांधली तिने. आधी इंजिन चालवून तेल गरम केलं, मग लिफ्ट खाली घेतली. “गरम तेलासोबत गाळ निघतो, नाना.” नाना बाजेवर बसून कौतुकाने बघत होते. माझ्याकडे कधी असं बघितलं होतं? आठवत नाही.

मागचा नट उघडला. पांढरं तेल घमेल्यात भळभळ आलं. तेल गाळायची जाळी डिझेलने धुतली. हात चांगला आहे तिचा. तेच तर बघवत नव्हतं.

मग सगळं तेल आलं का म्हणून मला विचारलं, “अक्का, बठ्ठं निघनं ना?”

या ट्रॅक्टरला दोन नट आहेत. दुसरा पुढे पोटाखाली, माती-ग्रीसच्या थराखाली बुजलेला. दिसतच नाही. यांनी माझा हात धरून तिथे टेकवला होता, तेव्हा कळलं. तो उघडला नाही तर निम्मं घाण तेल आतच राहतं.

मी म्हणाले, “हो.”

नवं तेल भरलं. लिफ्ट सरसर वर! नाना म्हणाले, गूळ आण. मला म्हणाले! आणला.

७ नोव्हेंबर

लिफ्ट चालतेय. कधी अडकते याची दिवसभर वाट बघितली. लाज वाटायला हवी. वाटत नाही.

८ नोव्हेंबर

कल्टिव्हेटर वर घेऊन दिपमाला खाली उतरली, पिन बसवायला वाकली. लिफ्ट एकदम बसली. अख्खं कल्टिव्हेटर तिच्या पायावर.

तिची किंकाळी! मी धावले. मीच पहारीने उचललं, मीच तिला रिक्षात घालून एरंडोलला नेलं. दोन बोटांची हाडं मोडलीत. वाटभर माझा हात घट्ट धरून होती. मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता.

९ नोव्हेंबर, रविवार

योगेंद्र भाऊजी नरडाण्याहून, कंपनीतून तडक आले. पायाचं प्लास्टर बघून बायकोवरच ओरडले — “बस झाला तुझा मेकॅनिकपणा!” ती म्हणाली, “माझंच चुकलं. उचललेल्या अवजाराखाली पाय घालायचा नसतो.”

मी चहा घेऊन उभी. कप ठेवला आणि आत गेले.

१० नोव्हेंबर

दुसरा नट उघडला. अर्धी बादली घाण तेल निघालं, शिवाय काळा गाळ. सगळं पुन्हा धुतलं, नवं भरलं. तासभर लिफ्ट वर-खाली करून बघितली. एकदाही अडकली नाही.

कुणी गूळ मागवला नाही. बरं झालं.

११ नोव्हेंबर

दिपमालाला सांगितलं. नटाचं. “हो” म्हटल्याचं.

“अक्का, मी इचारलं होतं ना तुम्हाले. मग?”

“हेवा वाटला.” हा शब्द मी स्वतःबद्दल कधी उच्चारला नव्हता.

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

१२ नोव्हेंबर

नानांनाही सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. बाजेवर उठून बसले. मग म्हणाले, “दिवाळीना पहिलेच मी ट्रॅक्टर इकाले काढेल व्हता. गिऱ्हाईक बी ठरेल व्हतं. दिपमालानी हात जोडात — नाना, इकू नका. अक्काना जीव शे त्यामा. मी दुरुस्त करस.”