बेंबीवरचा रुपया

गुरुवार, संध्याकाळ. मांजर्ली.

दोन पोळ्या करपवल्या. डोकं ठिकाणावर नाही.

समोरच्या प्रणालीची ओवी पाच महिन्यांची. तिच्या जांघेत फुगवटा आलाय. रडली की वर येतो, झोपली की जातो. महिन्यापूर्वी प्रणालीने मला दाखवला, आणि मी काय म्हणाले? "काही होत नाही गं. आमच्या मीराची बेंबी अशीच लिंबाएवढी फुगायची. डॉक्टरच म्हणाले थांबा, आणि तीन वर्षांची होईपर्यंत गेली आपोआप." वर सासूबाई मीराच्या बेंबीवर बांधायच्या तो रुपयाही शोधून दिला. कशाला दिला?

आज उल्हासनगरला लहान मुलांच्या सर्जनकडे मीच तिच्यासोबत गेले. तपासून ते म्हणाले, "बेंबीचा हर्निया बहुतेक वेळा आपोआप बंद होतो, तिथे थांबता येतं. जांघेतला होत नाही. एवढ्या लहान बाळाचा कधीही अडकू शकतो. सोमवारीच ऑपरेशन करू." मग चिडून, "महिनाभर थांबायला सांगितलं कोणी?"

मी शेजारच्याच खुर्चीत होते. बोलायला हवं होतं ना?

"कोणी नाही," प्रणाली म्हणाली. "माझ्याच लक्षात आलं नाही."

रिक्षात मी नुसती ओवीचं टोपडं नीट करत बसले. मघाशी प्रणाली दाराशी आली. रुपया परत दिला, धुऊन, पुसून.

"ताई, सोमवारी याल ना सोबत?"