चारही ऋतूंचा ट्रेलर

६ जानेवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. रिटायर्ड माणसाला शिस्त लागते. मी हायस्कूलात फिजिक्स शिकवायचो, त्यामुळे या प्रवासाची शास्त्रीय नोंद व्हायलाच हवी. कुणाला दाखवायची नाही.

बाहेर शून्याखाली अठरा. मिनेसोटात जानेवारी म्हटल्यावर एवढं असायचंच. वारा नाही. म्हणजे थोडाच आहे.

प्रवासाचं कारण मार्डेलची बोटं. नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवता वाजवता बायको मधेच थांबली. बोटं पांढरीफटक. पट्टी दाबली जातेय की नाही तेच कळेना म्हणाली. लोक उरलेली कडवी तशीच गायले. डॉक्टरांनी बजावलं, हात थंडीत अजिबात नकोत, असंच चालू राहिलं तर बोटांच्या टोकांना जखमा होतील आणि मग वाजवणं विसरा. वसंत येईपर्यंत कुठेतरी गरम ठिकाणी जा. टेक्ससमध्ये समुद्रकाठी तिची मावसबहीण आयलीन राहते. मार्डेल म्हणाली, विमानाने जाऊ. मी म्हटलं, विमानाने काय, कुणीही जातं.

म्हणून ट्रेलर. जुना आहे, पण दारावर स्टिकर आहे: चारही ऋतूंसाठी. आत झोपायला, स्वयंपाकाला, सगळ्याला जागा. गॅसचा हीटर. मार्डेलने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, वेगळा आहे. आमच्याकडे एखाद्याच्या घरचा पदार्थ घशाखाली उतरत नसला की त्याला 'वेगळा आहे' म्हणतात. पण मार्डेलला तसं म्हणायचं नसणार. ट्रेलर खरोखरच वेगळा आहे.

६ जानेवारी, दुपार
शेजारचा ड्वेन येऊन ट्रेलरभोवती एक चक्कर मारून गेला. म्हणाला, मास्तर, या डब्यात बसून टेक्सस? जानेवारीत? मासे ठेवायचेत का आत? मी त्याला उष्णतारोधनाची तत्त्वं समजावून सांगितली. तो बराच वेळ आपल्या बुटांकडे बघत होता.

मग म्हणाला, माझं इलेक्ट्रिक ब्लँकेट घेऊन जा, मार्डेलला होईल. मी म्हटलं, नको रे. तो म्हणाला, घे की, पडूनच असतं. मी म्हटलं, छे, कशाला उगाच. तो फाटकापर्यंत गेला आणि तिथून ओरडला, अरे घेऊन टाक! तेव्हा मी म्हटलं, बरं, तुझी अडचण होत नसेल तर. ही आमच्याकडची रीत. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला हो. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा माणूस हावरट. मी लग्नाचं विचारलं तेव्हा मार्डेलसुद्धा दोनदा नाही म्हणाली होती.

९ जानेवारी
निघालो. जरा उशिराने. ट्रेलर जोडायचा आकडा गोठला होता, त्यावर किटलीभर गरम पाणी ओतलं. तेही गोठलं.

मार्डेलने दोन जोड हातमोजे घातलेत, वर लोकरीची पिशवी. गाडीत हीटर उत्तम. ती खिडकीबाहेर बघत बसली. विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, ठीक आहे. सुरुवात झकास.

१० जानेवारी
साउथ डकोटा. हिवाळ्यात उघडा असलेला एक कँप मिळाला. आमच्याशिवाय कुणी नाही, त्यामुळे जागा मनाजोगती.

कामं केली. खिडक्यांना चंदेरी फॉइल चिकटवली. ट्रेलरच्या खाली वारा शिरू नये म्हणून चारी बाजूंनी गवताच्या पेंढ्या लावल्या. पाण्याच्या पाइपला गरम होणारी वायर गुंडाळली. एकदम प्रोफेशनल काम. पाइप तरी गोठला. तपास केला तेव्हा कळलं की वायरचा प्लग लावायची लांब केबल घरी गॅरेजात राहिली. म्हणजे तत्त्वात चूक नाही.

संध्याकाळी ड्वेनचं ब्लँकेट लावलं. सोबत विजेचा छोटा हीटर लावला आणि कॉफीचं यंत्रही. फ्यूज उडाला. मार्डेल म्हणाली, कॉफी राहू दे, ब्लँकेट लाव. मी म्हटलं, थांब, लोड मोजू दे. मोजेपर्यंत ती कोट घालून झोपली होती.

११ जानेवारी
सकाळी एक निरीक्षण. माणसाच्या श्वासातली वाफ भिंतीवर जमून गोठते. वर्गात शिकवताना याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. गादी भिंतीला चिकटली होती आणि मार्डेलचे केसही. मी उपाय सुचवत होतो, इतक्यात तिने शिवणाच्या डब्यातली कात्री काढली आणि बट कापून मोकळी झाली. तक्रार नाही, काही नाही. बट अजून भिंतीवर आहे.

माझी पायाची बोटं बधिर झालीत. हे चांगलं लक्षण. शरीर जुळवून घेतंय.

१३ जानेवारी
बर्फाचं वादळ. रस्ता बंद. आतच. न्याहारीला बिस्किटं, जेवायला बिस्किटं. घरून आणलेल्या बटाट्याच्या पोळ्या पाटीसारख्या कडक झाल्यात.

मार्डेलने आयलीनला फोन केला. मी मुद्दाम ऐकत नव्हतो, पण ट्रेलरमध्ये ऐकू न येण्याइतकी जागा नाही. ती हसली. कशाला हसली कळलं नाही. बऱ्याच दिवसांनी ऐकलं ते हसणं. विचारलं, काय म्हणते आयलीन? म्हणाली, अंगणात अनवाणी फिरतेय. मी म्हटलं, घसरेल.

निश्चय: उद्यापासून मार्डेलशी रोज काहीतरी बोलायचं. हीटर सोडून.

१४ जानेवारी
हीटर अधूनमधून बंद पडतोय. त्याविषयी मार्डेलशी बोललो.

१५ जानेवारी
नेब्रास्का. एका शेताला लागून कँप आहे. मालकीण डार्ला, मूळची ओक्लाहोमाची, आवाज गुरं हाकल्यासारखा. आल्या आल्या मार्डेलचे हात बघून म्हणाली, अगं बाई, हे काय झालंय? मग मला म्हणाली, आमच्या घरात मागची खोली रिकामी आहे. शेगडी पेटलेली असते, टबात गरम पाणी येतं. या आत दोघंही.

मी म्हटलं, नको नको, आमचं अगदी मजेत चाललंय.

ती म्हणाली, बरं. आणि गेली.

मला वाटलं, काहीतरी आणायला गेली असेल. खिडकीवरची फॉइल थोडी सोलून बघत बसलो. मार्डेलही माझ्या खांद्यावरून बघत होती. डार्लाने कोंबड्यांना दाणे टाकले, कुत्र्याला हाक मारली, घरात गेली, दार लावलं. आम्ही काळोख पडेपर्यंत बघितलं. शेवटी मार्डेल म्हणाली, तिने विचारलं होतं, ऑर्लिन. मी म्हटलं, एकदाच. त्याला काय विचारणं म्हणतात? या लोकांना रीतभातच नाही.

१६ जानेवारी
आज मार्डेलला कोटाची बटणं लावता येईनात. मी लावली. मग तिची बोटं हातात धरून बसलो. टोकं निळसर झाली होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, धरलायस का अजून?

मी बोटं चांगली घट्ट धरली होती.

खरं लिहायचं तर मला भीती वाटली. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

निश्चय: उद्या सकाळी पहिलं काम, ट्रेलर पूर्णपणे गरम करायचा. काहीही झालं तरी.

१७ जानेवारी
सिलिंडरच्या तोंडाशी बर्फ धरलं आणि हीटर बंद. पण मी डगमगलो नाही. उष्णता बाहेर जाते कुठून? छतावरच्या झडपांतून. त्या स्पंज कोंबून, वरून टेप मारून बंद केल्या. दाराच्या फटी बंद केल्या. मग दुसरा सिलिंडर लावून स्वयंपाकाच्या शेगडीचे सगळे बर्नर पेटवले. वा! भिंतीवरचं बर्फ ओघळायला लागलं. मार्डेलला म्हटलं, बघ. ती म्हणाली, डोकं दुखतंय.

तेवढ्यात विषारी वायूचा अलार्म कोकलायला लागला. हे अलार्म फार नाजूक असतात. मी त्याची बॅटरी काढायला स्टुलावर चढलो, तर मार्डेलने टेप फाडून लाथेने दार उघडलं. तिने लाथ मारल्याचं मी आजवर पाहिलं नव्हतं. सगळी ऊब गेली बाहेर.

अलार्म ऐकून डार्ला धावत आली. आत येऊन तिनेच शेगडी बंद केली. मला म्हणाली, मरायचंय का? मालकीण आहे, म्हणून मी स्टुलावरून उतरलो. मग मार्डेलकडे वळून म्हणाली, चल गं, घरात चल.

मार्डेल म्हणाली, हो.

बस्स. एका झटक्यात हो. 'नको' नाही, 'तुमची अडचण' नाही, काही नाही. मी बघतच राहिलो. चर्चमधल्या बायकांना कळलं तर काय म्हणतील?

दारातून वळून ती मला म्हणाली, तूही चल.

मी म्हटलं, नको, हीटरकडे कुणीतरी बघायला हवं. ती थोडा वेळ उभी राहिली. तिच्या तोंडातून वाफ येत होती. मग मान हलवून गेली.

१८ जानेवारी
डार्लाच्या घराच्या धुराड्यातून धूर निघतोय. सतत. लाकडाची केवढी उधळपट्टी.

दुपारी डार्ला सूपचं भांडं ठेवून गेली. तिने घरात यायचं काही विचारलं नाही. मार्डेलबद्दल मी विचारलं, तर म्हणाली, टबात बसलीय, बाहेर यायचं नाव घेत नाही. डॉक्टरला दाखवलं का? हो, सकाळीच नेलं होतं. बोटं वाचतील म्हणालाय, पण पुन्हा थंडीत नको.

बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की स्टुलावर बसून सूप थंड होईपर्यंत तसाच बसलो. नंतर ते गोठलं.

आता माझ्या पायांची बोटं अजिबात जाणवत नाहीत. म्हणजे दुखतही नाहीत.

१९ जानेवारी
मार्डेल आली. गाल लाल, हातात डार्लाचे मेंढीच्या कातड्याचे मोजे. आत आली नाही, दारातच उभी राहिली. म्हणाली, डार्ला मला ओमाहाच्या विमानतळावर सोडतेय. दुपारच्या विमानाने आयलीनकडे जाते.

मी म्हटलं, बरं.

ती म्हणाली, जागा आहे विमानात. मी विचारून ठेवलंय. ट्रेलर इथेच राहील, डार्लाची हरकत नाही. येतोस?

मनात आलं होतं. लगेच आलं होतं, अगदी जिभेवर. पण हे दुसऱ्यांदाचं विचारणं. दुसऱ्यांदा कसं हो म्हणायचं? म्हणालो, छे, कशाला उगाच, मी इथे मजेत आहे. आणि तिसऱ्यांदाचं उत्तर मनात तयार ठेवलं.

ती माझ्याकडे बघत होती. मोज्यातला हात माझ्या गालावर ठेवला. गाल बधिर होता, त्यामुळे काही कळलं नाही. मग म्हणाली, तो टेप काढ छतावरचा. आणि गेली.

गाडी फाटकापाशी थांबली. मागचे लाल दिवे लागले. मी दाराचा खटका धरून तयार होतो. डार्ला उतरली, फाटक उघडलं, गाडी बाहेर काढली, उतरून फाटक लावलं.

२० जानेवारी
टेप काढला.

२२ जानेवारी
काल रात्रीपासून हवा बदलली. वारा पडला, ऊन आहे, सिलिंडरवरचं बर्फ वितळलं आणि हीटर आपला आपण सुरू झाला. आत बासष्ट डिग्री फॅरनहाइट! खिडक्या कोरड्या. भिंत कोरडी. मार्डेलची बट गादीवर गळून पडली, ती पुसून या वहीत ठेवली. सांगायचं म्हणजे माझा हिशेब पहिल्यापासून बरोबर होता. दाखवायला कुणी नाही, एवढंच. डार्लाला दाखवलं, ती म्हणाली, पाय शेकून घ्या, काळे पडतील.

संध्याकाळी मार्डेलचा फोन आला. हात बरे आहेत. आयलीनच्या चर्चमध्ये पियानो आहे, त्यावर थोडं वाजवलं. बोटांना पट्ट्या कळतात म्हणाली. मागे कुणीतरी हसत होतं, आणि समुद्र की काय तो ऐकू येत होता. म्हणाली, तू कसा आहेस? मी म्हटलं, वाईट नाही. ती म्हणाली, बरं. मग मी मुद्दाम काही बोललो नाही, तिला विचारायला जागा असावी म्हणून. तीही बोलली नाही. आमच्याकडे फोन ठेवता ठेवता अर्धा तास जातो. ती म्हणाली, मग ठेवते, आणि ठेवला.

दोनदा विचारून झालंय. आता एकदाच राहिलंय. फोन शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलाय, थंडीने बॅटरी उतरू नये म्हणून.

तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, बरं, तुझी अडचण होत नसेल तर. आता मोठ्याने म्हणून बघितलं. ट्रेलर गरम आहे, तोंड बधिर होत नाही, शब्द स्वच्छ येतात.