सायकलवाल्या काकांना तू भेटलीस का?

आई,
दुकानात लवकर जातेय. गुडघ्याला पट्टा बांधलाय. पण एक खरं सांग, सायकलवाल्या काकांनी मला कामावर ठेवण्याआधी तू त्यांना भेटली होतीस ना? गुडघा गेला, नाच सुटला, तेव्हापासून सगळेच माझ्याशी जपून बोलतात. काकाही महिनाभर "वा, हात छान बसलाय" म्हणत होते. हे तूच पढवलं असणार, असा मला दाट संशय होता. काल मात्र मी सरळ केलेलं चाक त्यांनी फिरवून पाहिलं आणि गिऱ्हाइकासमोरच ओरडले, "लक्ष कुठे होतं? सगळ्या तारा सोड, पुन्हा कर!" वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी मला झापलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तू भेटली असशील तर असू दे. पण आता त्यांना समजवायला जाऊ नकोस.